भरीत खाऊन आखलेला जिल्हा

आमच्या साहेबांनी जळगाव जिल्ह्याचा नकाशा भरीत खाऊन आखला, असं मी सांगितलं की बाहेरगावची माणसं हसतात. हसू द्या. मी त्यांच्या हाताखाली आरेखक होते, म्हणजे नकाशे काढणारी, आणि ती भरितं मीही त्यांच्यासोबत खाल्ली आहेत. थट्टा करायची असेल तर माझीही करा, माझी काही तक्रार नाही.

आमच्याकडे काम होतं प्रादेशिक योजनेचं. जिल्ह्यात पुढे घरं कुठे वाढतील, कारखाने कुठे बसतील, रस्ते कुठून जातील आणि शेती कुठे शेतीच राहील, हे आधी ठरवायचं आणि नकाशावर रंगवायचं. घरांना पिवळा, शेतीला हिरवा, कारखान्यांना जांभळा. ऐकायला चित्रकलेचा तास वाटतो. पण ज्याच्या वावरावर पिवळा पडला त्याच्या जमिनीचा भाव बघता बघता चढतो, आणि ज्याच्यावर हिरवा पडला तो दुसऱ्या दिवशी आमच्या ऑफिसच्या दारात उभा असतो. त्यामुळे रंग भरणाऱ्या माणसाला जिल्ह्यात फार मान, आणि त्याच्या पाठीमागे तितक्याच शिव्या.

साहेबांचं एक ठाम मत होतं. शहरं वाढणारच, ती कुणाच्या बापाला अडवता येत नाहीत. पण कुठल्या मातीवर बसवायची हे आपल्या हातात आहे. चांगल्या काळ्या जमिनीवर घरं बांधणं म्हणजे वाढलेल्या ताटात पाय देणं, असं ते म्हणायचे. घरांनी जावं बरड जमिनीकडे, जिथे वर वीतभर माती आणि खाली नुसता मुरूम. आता काळी कुठली आणि बरड कुठली, याचे सरकारी नकाशे होतेच. साहेब ते उघडायचे, चष्मा कपाळावर चढवून बघायचे आणि विचारायचे, "हा काढणारा माणूस गाडीतून खाली उतरला होता का?" याचं उत्तर कोण देणार? मग ते स्वतः उतरायचे.

आणि उतरले की वांगं मागायचे.

त्यांचं म्हणणं असं, की आमच्या भागातलं भरताचं वांगं, ते लांब, पोपटी, हातभर वांगं, खोटं बोलत नाही. चांगल्या जमिनीतलं भाजलं की गर लोण्यासारखा सुटतो आणि मिरचीचा जाळ असूनही मागून गोड लागतो. हलक्या जमिनीतलं पाणी सोडतं, नाहीतर नुसत्या बिया. शेतकी कॉलेजातले एक प्राध्यापक एकदा ऑफिसात आले होते. त्यांनी तासभर समजावलं, की चव बियाण्यावर असते, पाण्यावर असते, खतावर असते, निव्वळ मातीवर नसते. साहेबांनी सगळं मन लावून ऐकलं, मध्ये दोन-तीन प्रश्न विचारले, "तेही खरंच आहे" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी रावेरकडे भरीत खायला गेले.

एक सांगते, अहवालात वांग्याचं नाव कुठेही नव्हतं. अहवालात मातीची खोली, उतार, पाणी धरण्याची ताकद, सगळं शास्त्राप्रमाणे. भरीत ही साहेबांची स्वतःपुरती खात्री होती. पण ती झाल्याशिवाय त्यांनी एकाही गावावर रंग भरू दिला नाही. त्यामुळे आमचं निम्मं काम हिवाळ्यात व्हायचं. चंपाषष्ठी होईपर्यंत कितीतरी घरांत वांगं शिवत नाहीत, तोवर आम्ही ऑफिसात बसून रस्ते काढायचो. चंपाषष्ठी झाली की साहेब टेबलावर टिचकी मारून म्हणायचे, "चला, सर्वेक्षण."

गाडीवर रफिकचाचा होते. त्यांच्या सीटमागे एक पोतं, त्यात कपाशीच्या वाळक्या काड्या, कांद्याची पात, लसूण, मिरच्या आणि वांगं ठेचायची लाकडी बडगी. वावरात पोचलं की चाचा काड्यांचा जाळ करायचे आणि साहेब शेतकऱ्याशी बोलत बसायचे. भाकरी शेतकऱ्याच्या घरून यायची, बहुतेक कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची. पहिला घास साहेबांचा. तो खाऊन ते डोळे मिटायचे आणि एकच शब्द बोलायचे. "हिरवं." किंवा "पिवळं." मी तो शब्द गट नंबरापुढे लिहायचे. चाचांचा निकाल वेगळा असायचा, तो ते माझ्या कानात सांगायचे. "दीदी, ये वांगा नहीं, पानी है." खरं सांगायचं तर दोघांचे निकाल सहसा जुळायचे.

लोक काही भोळे नाहीत. साहेब वांग्यावरून जमीन ओळखतात ही बातमी पसरली आणि मजा सुरू झाली. ज्यांना पिवळा हवा होता ते किडकी, बियाळ वांगी पिशवीत घालून ऑफिसात आणून द्यायला लागले. "साहेब, आमची जमीन बघा किती बेकार आहे." स्वतःच्या जमिनीची इतकी बदनामी करणारी माणसं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिली. एक जमिनीचा दलाल तर टोपलीच घेऊन आला. साहेबांनी एक वांगं उचललं, देठ बघितलं, वास घेतला आणि म्हणाले, "हे तुमच्या गटातलं नाही. हे बाजारातलं, आणि शिळं आहे. बसा, चहा घ्या." तो बसला. साहेबांनी त्याला त्याच्या गावाबद्दल इतके प्रश्न विचारले, की जाताना तो पिवळ्याचं बोलायचं विसरूनच गेला.

प्रश्न हा त्यांचा रोगच होता. आणि प्रश्न कसले? तुमच्या गावात वरात कुठून वळते? दुपारी म्हशी कुठे बसतात? उसाचा ट्रॅक्टर कुठल्या कोपऱ्यावर अडकतो आणि मग शिव्या कोण देतं? म्हाताऱ्या माणसांना तालुक्याला जायचं असलं की ती कुठे उभी राहतात, स्टँडवर की झाडाखाली? लोक आधी दबकायचे, सरकारी माणूस म्हशींची चौकशी का करतोय म्हणून. मग खुलायचे, आणि एकदा खुलले की त्यांना आवरता आवरता आमच्या नाकी नऊ यायचे. साहेबांना मात्र सगळ्यात रस. चाळीस घरांच्या वस्तीवर सुद्धा ते असे कान टवकारून बसायचे जसं काही त्यांना उद्या तिथेच राहायला यायचंय.

"रिकामी जागा" हा शब्द त्यांना चालायचा नाही. मी एकदा नकाशावर लिहिला, तर पेन्सिलीनं संगणकाच्या पडद्यावरच त्याच्यावर काट मारली. हो, पडद्यावर. त्यांना माऊस धरता यायचा नाही, शिकायचाही नव्हता. शर्टाच्या खिशात पिवळी, हिरवी आणि जांभळी, अशा तीन पेन्सिली असायच्या आणि जे काय दाखवायचं ते पेन्सिलीनं पडद्यावर टेकवून. मी रोज संध्याकाळी पडदा पुसायचे आणि मनातल्या मनात त्यांना बरंच काही बोलायचे. त्यांच्या प्रत्येक पांढऱ्या शर्टाचा खिसा तीन रंगांनी माखलेला. त्यांच्या मिसेसनी पांढरे शर्ट आणायचे बंद केले, तर यांनी स्वतः जाऊन आणले.

उपग्रहाच्या चित्रांवर त्यांचा राग नव्हता, पण विश्वासही नव्हता. मुक्ताईनगरकडच्या एका गावाच्या कडेला बाहेरच्या एजन्सीनं मोठी पांढरी पट्टी दाखवली होती आणि तिच्यावर "गोदामं" असं लिहून जांभळा रंग सुचवला होता. साहेब म्हणाले, "या गावात गोदामात ठेवण्याइतकं काय पिकतं?" गेलो आम्ही. गावाबाहेर खळ्याची मोकळी जागा, आणि तिथे हारीनं खाटा आणि सतरंज्या टाकलेल्या, त्यांच्यावर जुनी धोतरं आणि पांढरी लुगडी, आणि त्यांच्यावर सगळ्या गावाच्या बिबड्या वाळत घातलेल्या. ज्वारीचे ते पापड आमच्या घरीही होतात, पण अख्ख्या गावाचे एका ठिकाणी मी प्रथमच पाहिले. चित्र उन्हाळ्यात घेतलेलं, त्याला बिचाऱ्याला काय कळणार. साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग एका आजीशेजारी बसून ओल्या बिबड्या खात त्यांनी विचारलं, या जागेवर बाकीच्या महिन्यांत काय काय होतं. मळणी, लग्न, गणपती, भांडणं, पोरांचं क्रिकेट. आजी बोटांवर मोजत सांगत होत्या आणि साहेब मान डोलवत होते. ती जागा आम्ही नकाशावर तशीच मोकळी राखली.

असा हा माणूस. जिल्ह्यातल्या कुठल्याही अनोळखी माणसाला काहीही विचारायला न कचरणारा. म्हणून चाळीसगावकडे जे झालं त्याचं मला फार नवल वाटलं.

चाळीसगाव मोठं जंक्शन, त्यामुळे तिथे शहर वाढणार हे उघड होतं. धुळ्याकडे जी रेल्वेची फाटा लाइन जाते तिच्या बाजूला जमीन हलकी, म्हणून साहेबांच्या हिशेबानं घरांनी तिकडेच जायचं होतं. आम्ही त्या बाजूची गावं एकेक करून पालथी घातली. प्रत्येक ठिकाणी काड्यांचा जाळ, भाकरी, प्रश्न. मग एका गावाच्या शिवारात शिरलो आणि चाचांनी सवयीनं गाडी हळू केली, तर साहेब समोर बघत म्हणाले, "थांबू नका. इथलं मला माहीत आहे. बरड आहे."

"एखादं वांगं, सर?" मी विचारलं.

"पिवळं लिहा, ताई."

मी लिहिलं. गाडी पुढे गेली. चाचांनी आरशातून माझ्याकडे बघितलं, मी चाचांकडे. पुढच्या गावात साहेब परत पहिल्यासारखे, म्हशींची चौकशी सुरू. माझ्या डोक्यात मात्र किडा वळवळत राहिला. चाचांना सगळं ठाऊक होतं, ड्रायव्हर लोकांना असतंच. त्यांनी परतीच्या वाटेवर, साहेब चहाला उतरले असताना, मला सांगितलं. ते साहेबांचंच गाव. साहेबांचे मोठे भाऊ तिथे शेती करतात. सगळे त्यांना नाना म्हणतात. दोघा भावांत बोलणं नाही.

कारण ऐकून मला आधी हसू आलं आणि मग आलं नाही. नानांनी आपल्या बरड वावरात तलावाचा गाळ आणून टाकायला सुरुवात केली होती. उन्हाळ्यात गावचा पाझर तलाव आटला की त्यातली काळी माती ट्रॉलीनं वाहून आणायची आणि मुरमावर पसरायची, दरसाल. घरातल्या एका लग्नात, भरल्या पंगतीत, पाहुण्यांनी साहेबांना विचारलं, तुम्ही त्यातले जाणकार, याचा काही उपयोग होईल का? आणि आमचे साहेब, खरं बोलायची खोड, म्हणाले, "बरड ती बरडच राहणार. उगाच माती वाहतोय." नाना वाढत होते. त्यांनी हातातली बादली खाली ठेवली आणि मांडवाबाहेर गेले. त्यानंतर साहेब गावाला गेले ते फक्त सुतकाला, आणि वावराकडे तर फिरकलेच नाहीत.

योजनेचा मसुदा जाहीर झाला. गावोगावच्या चावड्यांवर नकाशे लागले. नानांच्या वावरावर पिवळा रंग, आजूबाजूच्या सगळ्या शिवारासारखाच. आणि लोकांची तोंडं सुटली. साहेबांनी भावाचं कल्याण केलं. स्वतःच्या नावचा हिस्सा पण आहेच की त्या सातबाऱ्यावर. वरून साधे दिसतात हो. टपरीवरचं हे बोलणं ऑफिसात आलं, ऑफिसातून वर गेलं. त्या दिवसांत साहेबांचे प्रश्न कमी झाले. मला फार वाईट वाटायचं. चोराला चोर म्हटलं तर तो निदान चिडतो तरी.

मग हरकती आल्या. कायद्यानं कुणालाही योजनेवर हरकत घेता येते, आणि ती एक समिती ऐकते. हजारो लोकांनी आपला हिरवा पिवळा करा म्हणून अर्ज केले होते. त्या गठ्ठ्यात एक अर्ज उलटा होता. माझा पिवळा काढून हिरवा करा. खाली नानांची सही.

सुनावणी जिल्हा मुख्यालयातल्या एका सभागृहात होती. लांब टेबलामागे समितीच्या अध्यक्षबाई, नाशिकहून आलेल्या, शिस्तीच्या पण ऐकून घेणाऱ्या. त्यांच्या शेजारी साहेब, कारण प्रत्येक हरकतीवर ऑफिसचं म्हणणं त्यांनी सांगायचं. मी कडेला फाइली घेऊन. समोर अर्जदारांच्या खुर्च्या. नानांचं नाव पुकारलं आणि एक उंच, काळेसावळे गृहस्थ उठून पुढे आले. टोपी, हातात स्टीलचा डबा. चेहरा साहेबांचाच, फक्त उन्हात ठेवलेला.

"काय हरकत आहे तुमची?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

नानांनी साहेबांकडे बोट केलं. "मॅडम, हाऊ मना भाऊ शे. याले इचारा, यानं मनं वावर कधी दखं?"

सभागृहात कुजबुज झाली. बाईंना अहिराणी कळली नसावी असं वाटून, हा माझा भाऊ, यानं माझं वावर कधी पाहिलं ते विचारा, असं मराठीत सांगायला मी पुढे झाले, पण त्यांना कळली होती. त्यांनी साहेबांकडे पाहिलं.

नाना थांबले नाहीत. "बठ्ठा जिल्हानं भरीत खादं यानं. मना वावरमा पाय नही टाका. बरड व्हती जमीन, मी कोठे नही म्हनस? पन इतला वरीस तलावनी माटी टाकी मी. मी शे तवलगून वावर शे. हाऊ पिवया रंग पडना का मना पोऱ्या इकी टाकी."

मी आहे तोवर वावर आहे, पिवळा पडला की पोरगा ते विकून टाकेल. तेव्हा मला कळलं, की या माणसाला भाव नको होता, आणि खरं म्हणजे रंगही नको होता. भरल्या मांडवात ऐकलेलं वाक्य आता सरकारी शिक्क्यानिशी चावडीवर लागलं होतं, ते त्याला पुसून हवं होतं. आणि ते पुसलं नाही तर आपल्या मागे ती माती प्लॉट होऊन जाणार, हे त्याला दिसत होतं.

"ऑफिसचं म्हणणं?" बाईंनी विचारलं.

साहेब उभे राहिले. "मॅडम, मला यावर म्हणणं देता येणार नाही. ते माझे सख्खे भाऊ आहेत आणि सातबाऱ्यावर माझंही नाव आहे." इतकं बोलून ते बसतील असं मला वाटलं. ते बसले नाहीत. टेबलाला वळसा घालून समोर गेले आणि नानांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले. "मी सहखातेदार म्हणून आलोय. आमची हरकत एकच आहे."

स्वतः केलेल्या योजनेवर हरकत घेणारा अधिकारी मी जन्मात पाहिला नव्हता. अध्यक्षबाईंनी सातबाऱ्यावरची नावं बघून घेतली. मग त्यांनी इतर कुणालाही विचारलं असतं तसंच विचारलं. "आधार काय? जमीन सुधारल्याचा काही पुरावा?"

नानांनी डबा उघडला.

भरिताचा वास सभागृहभर पसरला. नानांनी आधी बाईंपुढे डबा धरला. त्यांनी हात जोडून नको म्हटलं. मग साहेबांपुढे. साहेबांनी भाकरीचा तुकडा मोडला, घास घेतला आणि डोळे मिटले. सगळे त्यांच्याकडे बघत होते. दारात चाचाही येऊन उभे राहिले होते.

"हिरवं," साहेब म्हणाले.

"हे नोंदवता येणार नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या, पण रागानं नाही.

नानांनी डबा माझ्याकडेही सरकवला. मी बोटानं थोडं घेतलं. मी जळगावची आहे, लहानपणापासून भरीत खात आले, मला त्यातलं कळतं. ते भरीत पाणचट होतं. वाईट नव्हतं, पण पाणचट होतं, आणि बियाही बऱ्याच होत्या. मी साहेबांकडे पाहिलं, तर ते दुसरा घास घेत होते. चाचांनीही दारातच थोडं खाल्लं, आणि पहिल्यांदाच निकाल न देता मला फक्त "कांदा है क्या?" एवढं विचारलं.

मग वाचायचं काम माझ्यावर आलं. ऑफिसचं म्हणणं द्यायला दुसरं कुणी नव्हतं आणि फाइल माझ्या हातात होती. मी अहवालातलं त्या शिवाराचं पान काढलं आणि साहेबांनी स्वतः लिहिलेली वाक्यं साहेबांच्या समोर वाचली. मातीचा थर उथळ, खाली मुरूम. एखाद्या गटात वरून माती टाकून केलेली सुधारणा ही त्या गटापुरती असते आणि तिच्यावरून शिवाराचा वापर ठरवता येत नाही. सलग पिवळ्या पट्ट्यात मध्येच एक गट हिरवा ठेवला तर रस्ते आणि पाण्याच्या लाइनी तुटतात. साहेब खुर्चीत पुढे वाकून ऐकत होते, आणि मुद्दा पटला की मान डोलवायची त्यांची सवय, ती तिथेही सुटली नाही. स्वतःच्या विरुद्ध त्यांनी दोनदा मान डोलवली.

"अहवाल चांगला लिहिलाय," अध्यक्षबाई म्हणाल्या. "त्याच्या बाहेर जाण्यासारखं माझ्यापुढे काही आलेलं नाही. समिती ही हरकत मान्य करण्याची शिफारस करू शकत नाही. पुढचे अर्जदार."

बाहेर व्हरांड्यात दोघे भाऊ कठड्याला टेकून उभे होते. मी काही कागद द्यायच्या निमित्तानं गेले. खरं म्हणजे मला राहवलं नाही. नाना डब्याचं झाकण लावत होते. माझ्या मनात आलं, आता हा माणूस काय बोलणार, परत किती वर्षं तोंड फिरवणार.

"हारनूत ना आपन?" हरलो ना, असं नाना विचारत होते.

"हारनूत, नाना."

नानांनी झाकण दाबून बसवलं, डबा पिशवीत घातला. "हारनूत ते हारनूत. पन दोन्ही एकच बाजूले बसनूत." हरलो तर हरलो, पण दोघे एकाच बाजूला बसलो, म्हणून ते हसले. "चाल आते घर. वावर तरी दखी ले. पोऱ्या इकाना आंगे एक डाव दखी ले."

पोरगा विकायच्या आत एकदा वावर बघून घे म्हटल्यावर साहेबांनी होकाराची मान हलवली. नाना टोपी सारखी करत बाटली भरून आणायला नळाकडे गेले.

मी तशीच उभी. विचारू नये असं वाटत होतं, पण इतकी वर्षं या माणसाबरोबर राहून मलाही तोच रोग लागला होता. "सर," मी हळूच म्हटलं, "ते भरीत..."

"पाणचट होतं," साहेब म्हणाले. "गाळाची माती आहे, पाणी धरून बसते. अजून चार-पाच उन्हाळे टाकली तर कदाचित."

"मग तुम्ही हिरवं कसं म्हणालात?"

नळाकडून नाना येत होते. साहेबांनी रुमालानं डोळे पुसले, चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"एवढा लांबून डबा घेऊन आला," ते म्हणाले. "आता सख्ख्या भावाला दुसऱ्यांदा चारचौघांत पिवळं म्हणू का, ताई?"

आणि नानांच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेऊन ते त्यांच्याबरोबर एसटी स्टँडकडे निघाले.